उशाशी बसणारी माणसे

रत्नागिरीहून निघालेला रस्ता हातखंब्याला मुंबई-गोवे महामार्गास मिळतो, आणि तेथून थोडे पुढे गेले की आमची पाली लागते. पालीच्या नाक्यावर वाट पुन्हा फुटते. एक वाट लांज्यावरून गोव्याकडे उतरते, दुसरी साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापुरास जाते. लक्ष्मीपल्लीनाथाच्या दर्शनाला येणारी कुळे सोडली, तर परक्या माणसास पाली ठाऊक असते ती या फाट्यामुळेच. नाक्यावर चहा घेत घटकाभर बसावे, म्हणजे रुग्णवाहिका दिसतात. घाटाकडे जाताना त्यांचा भोंगा वाजत असतो. परतताना पुष्कळदा तो बंद असतो. नाक्यावरची माणसे त्यावरून काय ते समजतात आणि टोपी काढतात.

परंतु ही समजूत दर वेळी खरी नसते. भोंगा बंद करून परतणाऱ्या कित्येक गाड्यांत माणूस जिवंत असतो. डॉक्टरांनी सांगितलेले असते, "आता घरी न्या, सेवा करा." हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी ऐकले असेल. घरी न्यायचे हे कळते. सेवा करायची म्हणजे नेमके काय करायचे, हे कोणी सांगत नाही. आपल्या आजीपणजीला ते सांगावे लागत नव्हते. आपल्याला सांगावे लागते आणि सांगणारा भेटत नाही, ही स्थिती कशी आली, याचा थोडा इतिहास आज आपणांपुढे ठेवायचा आहे. राजांच्या मृत्यूच्या तिथी इतिहासकारांनी काळजीपूर्वक नोंदल्या. त्या रात्री दिवा धरून उशाशी कोण बसले होते, हे लिहून ठेवण्याचे काम मात्र फारसे कोणी केले नाही.

अमेरिकेत आणि इंग्लंडात अलीकडे या कामास एक स्वतंत्र नाव मिळाले आहे. तेथे मरणोन्मुख माणसाच्या सोबतीस बसणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीस 'डूला' म्हणतात. शब्द ग्रीक, अर्थ दासी. डॅना राफेल या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली तो बाळंतिणीच्या मदतनिसासाठी रूढ केला. पुढे न्यूयॉर्कमधील हेन्री फर्स्को-वाइस या समाजसेवकाच्या मनात आले, की माणूस जगात येताना जर कोणी जाणते जवळ लागते, तर जाताना का लागू नये? २००३ साली त्याने त्या दृष्टीने स्वयंसेवक तयार करण्यास आरंभ केला. ही माणसे औषध देत नाहीत आणि सुई टोचत नाहीत. ती बसतात, ऐकतात, ओठ ओले करतात, श्वास बदलू लागला की घरच्यांस त्याचा अर्थ समजावून सांगतात, आणि दमलेल्या मुलीला म्हणतात, तू दोन तास नीज, मी आहे.

हे वाचून आपल्यापैकी कोणी म्हणेल, यात नवे ते काय? ते म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याकडे मी पुढे येईन. तत्पूर्वी आपल्याच भाषेतल्या एका शब्दाकडे लक्ष वेधतो. रुग्णाची काळजी घेणे यास आपण शुश्रूषा म्हणतो. हा शब्द 'श्रु' म्हणजे ऐकणे या धातूपासून आला असून त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा आहे. औषधपाणी, अंथरूण बदलणे हे सगळे त्या शब्दात मागाहून आले. आधी ऐकणे होते.

कोकणातल्या वाडीत हे काम करणारी एखादी म्हातारी असेच. आमच्या वाडीतही होती. तिला सगळे काकी म्हणत. तिचे खरे नाव मला ती गेल्यावर कळले. तीच सुईण आणि तीच शेवटच्या रात्रीची सोबतीण. कोणाच्या घरी माणूस 'अंतरावर' आहे असे कळले, की बोलावण्याची वाट न पाहता ती कंदील घेऊन येई. प्रथम पायांना हात लावी, मग नाकाची बोटाने परीक्षा करी. गुडघ्यापर्यंत गारठा चढला असला तर घरच्या कर्त्याला अंगणात नेऊन हळूच सांगे, "आता तार करा." मुंबईला गिरणीत असलेल्या मुलांना तार जाई. ती पोहोचून बोटीने किंवा एस्टीने मुले येईपर्यंत दोन-तीन दिवस निघत, आणि हे दिवस काकी निभावून नेई. रत्नागिरी जिल्ह्याच्या इतिहासात या तारेला मोठे स्थान आहे. मुंबईच्या गिरणगावाला माणसे पुरवणारा हा जिल्हा; तरणी माणसे तिकडे, म्हातारी इकडे. मुलाच्या हातून तोंडात पाणी पडावे ही आस मोठी, आणि मुलगा दोनशे मैलांवर. म्हणून वाडी हीच मुलगा होत असे. तारेची सेवा सरकारने २०१३ साली बंद केली. मुले त्याआधीच मुंबईहूनही लांब गेली होती.

काकीच्या कामात एक गोष्ट अशी होती, की जिचे महत्त्व मला फार उशिरा कळले. माणूस घरघर लागूनही जात नसला म्हणजे लोक म्हणत, "जीव अडकलाय." तो कशात अडकला आहे हे शोधणे काकीचे काम. ती कानाशी वाकून एकेक विचारी. धाकटीचे लग्न? भावाशी तुटलेले बोलणे? गोठ्यातली गाय? मग गाय दारात आणून उभी करीत, भावाला बोलावून आणीत, आणि तो आला नाही तर त्याच्या नावाने काकीच सांगे, "आला हो तो, समोर उभा आहे." हे खोटे बोलणे बरे की वाईट याचा निर्णय मी करीत नाही. पण मरणाऱ्या माणसाला काही हवे असते, ते त्याला विचारावे लागते आणि विचारण्यास धीर लागतो, हे त्या निरक्षर बाईला ठाऊक होते. आजच्या रुग्णालयात नळ्या जोडलेल्या माणसाला हा प्रश्न विचारणारे कितीसे असतात?

शास्त्रानेही या वेळेची व्यवस्था लावलेली होती. आपल्याच जिल्ह्यात, चिपळुणाजवळ १८८० साली जन्मलेले भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात, जो १९५३ साली प्रसिद्ध झाला, अंत्येष्टीचा विचार विस्ताराने केला आहे. प्रायश्चित्त, दशदाने, वैतरणी पार करण्यासाठी गोदान, सारवलेल्या भूमीवर दर्भ व तीळ टाकून त्यावर निजवणे, कानात नामोच्चार, मुखात गंगोदक व तुळशीपत्र, असा हा क्रम आहे. त्यात एक मानसशास्त्र आहे हे नाकारता येत नाही. करण्यासारखे काही हाती असले म्हणजे घरच्यांचा थरकाप आवरतो. मरणाऱ्यालाही आपण कोठल्या पायरीवर आलो हे कळत जाते.

तथापि जुने ते सर्व सोने असे मानणाऱ्यांपैकी मी नाही. अंथरुणावर घाम फुटलेल्या माणसास उचलून पावसाळ्याच्या थंड जमिनीवर निजवताना त्याला काय वाटत असेल, याचा विचार किती जणांनी केला? घोट उतरत नसताना चमच्याने ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाऊ शकते. आजची परिचारिका सांगते, की ओतू नका, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ ओली ठेवा. तुळशीच्या पानावरून थेंब सोडणाऱ्या काकीचा हात तिच्याशी सहमत होता. वाटीभर ओतणारे हौशी नातलग नव्हते. वेदनेवर तर उपाय नव्हताच. कर्करोगाने तळमळणाऱ्या माणसाच्या कानात नाम घेणे एवढेच हाती असे. आणि हेही सांगितले पाहिजे, की काकीला त्या कामाची मजुरी नव्हती, मान होता तोही भीतीमिश्रित, आणि ज्या घरी ती रात्र जागे त्यांतल्या काही घरांच्या माजघरात तिला एरवी प्रवेश नव्हता. बाळंतपण आणि मरण या दोन वेळी विटाळ बाजूस ठेवण्याची युक्ती आपल्या समाजाने साधली होती. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जागच्या जागी येई.

थोरांच्या अंतकाळाविषयी बखरींतून काही सापडते. शिवछत्रपती ३ एप्रिल १६८० रोजी रायगडावर निवर्तले. त्यानंतर थोड्याच वर्षांनी जिंजीस बखर लिहिणाऱ्या कृष्णाजी अनंत सभासदाने त्या वेळी जवळ कोण होते त्यांची नावे दिली आहेत आणि महाराजांनी त्यांस शोक न करण्याविषयी सांगितल्याचे वर्णन केले आहे. त्या वर्णनात भक्ती किती आणि नोंद किती हे अभ्यासक ठरवोत. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की राजा कसा गेला हे सांगताना जवळच्यांची नावे देणे सभासदाला आवश्यक वाटले.

थोरल्या माधवराव पेशव्यांची हकीकत अधिक भरीव आहे. क्षयाने पोखरलेला हा सत्तावीस वर्षांचा पुरुष पुण्याचा वाडा सोडून थेऊरास चिंतामणीच्या सन्निध जाऊन राहिला आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजी तेथेच त्याने देह ठेवला. जाण्यापूर्वी त्याने बंदीत असलेल्या चुलत्यास, रघुनाथरावास, जवळ केले, धाकट्या नारायणरावास त्याच्या हाती सोपविले आणि नऊ कलमांची याद लिहवून घेतली. तीत राज्यावरचे कर्ज फेडण्याची तजवीज होती. जीव कोठे अडकला आहे हे या माणसाने स्वतःच ओळखले आणि एकेक गाठ सोडवली. तरी पुढे वर्षभराच्या आतच ती सर्वांत मोठी गाठ शनिवारवाड्यात रक्ताने भिजली, हा वेगळा विषय आहे. आणखी एक गोष्ट थेऊरास गेलेला माणूस विसरत नाही. नदीकाठी रमाबाईंचे स्मारक आहे. त्या आजारात पतीजवळ असलेली ही तरुण स्त्री त्याच्याबरोबर सती गेली. मरणाऱ्याच्या सोबतीची कल्पना आपल्याकडे कोठवर ताणली गेली होती याची ती खूण होय. उशाशी बसणाऱ्या बाईचे पुढे काय, हा प्रश्न जुन्या व्यवस्थेने एक तर चितेने सोडवला, नाही तर केशवपनाने.

या सगळ्यापेक्षा शिस्तबद्ध अशी सोबतीची योजना आपल्या देशात एका पंथाने केली आहे, आणि ती फारशी कोणास माहीत नाही म्हणून तिच्यावर थोडा रेंगाळतो. सल्लेखना म्हणजे अन्नपाणी क्रमाने सोडून देहत्याग करणे, हे जैनांचे व्रत आपण ऐकून असतो. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत ते आजही पाळले जाते. शिवार्यांच्या 'भगवती आराधना' या प्राचीन प्राकृत ग्रंथात व्रत घेणाऱ्या साधूस क्षपक म्हटले आहे आणि त्याची सेवा करणाऱ्यांस निर्यापक. असे निर्यापक अठ्ठेचाळीस असावेत, चार-चारांच्या तुकड्यांनी. चौघांनी त्याला उठवावे, बसवावे, कूस पालटावी, अंग चेपावे. चौघांनी धर्मकथा सांगाव्या. चौघांनी जोवर तो घेतो आहे तोवर अन्नाची सोय पाहावी, चौघांनी पेयाची. चौघांनी मलमूत्र दूर करावे. चौघांनी दार राखावे, म्हणजे नको ती गर्दी आत शिरणार नाही. चौघांनी रात्री जागावे. बाहेर जमलेल्या लोकांशी बोलण्यासाठीही वेगळी माणसे नेमलेली आहेत.

काळ पडता असला तर ही संख्या उतरत आणावी. परंतु दोहोंच्या खाली येऊ नये असे ग्रंथकार बजावतो. एकटा निर्यापक का चालत नाही? तो भिक्षेला गेला तर क्षपक एकटा पडतो, आणि गेला नाही तर स्वतः उपाशी राहतो. दोन्हींकडून हानी. आजारी माणसाची सेवा एकटीने करणारी सून किंवा मुलगी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या वाक्यातील शहाणपण सांगण्याची गरज नाही. या ग्रंथकाराने सेवा करणाऱ्याच्या भुकेचाही हिशेब केला.

१९५५ साली कुंथलगिरीस आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली. बेळगाव जिल्ह्यातील भोज गावचे हे पुरुष. दृष्टी मंद झाली, चालताना पायाखालचा जीव दिसेना, तेव्हा अहिंसाव्रत अबाधित ठेवून आता जगता येणार नाही, असे त्यांनी ठरविले. सुमारे पाच आठवडे हे व्रत चालले. दूरदूरचे लोक डोंगरावर येत राहिले. ८ सप्टेंबरला त्यांचा अखेरचा उपदेश ध्वनिमुद्रित करण्यात आला. तो मराठीत आहे. १८ सप्टेंबरला ते गेले. या व्रताविषयी मतभेद आहेत. राजस्थानच्या उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०१५ रोजी त्यास आत्महत्येच्या पंक्तीस बसविले आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालास स्थगिती दिली. मी त्या वादात शिरत नाही. व्रत कोणास पटो न पटो, अठ्ठेचाळीस माणसांची ती पाळी मला विलक्षण वाटते.

आता जुनी व्यवस्था मोडली कशी? एकदम नाही. परंतु पहिला मोठा धक्का प्लेगने दिला. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग दिसला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरोघर तपासणी, आजाऱ्यास उचलून रुग्णालयात, बाकीच्यांस छावणीत. पुण्यातील रँडसाहेबाच्या कारभाराची हकीकत आणि तिचा शेवट आपणांस ठाऊक आहे. लोकांचा संताप घरात शिरलेल्या गोऱ्या शिपायांवर होता हे खरेच. पण त्याच्या तळाशी आणखी एक भय होते. आपले माणूस परक्यांत मरणार, त्याच्या तोंडात पाणी घालायला कोणी नसणार, हे ते भय. माणसे आजारी मुलांना कोठीत लपवीत, ती याच भयापोटी. त्या काळी साथ आटोक्यात आणण्याचे शास्त्रही अपुरे होते. अधिकाऱ्यांची कडक पद्धत आणि लोकांची लपवालपवी या दोहोंनी माणसे मेलीच.

त्याच दिवसांत सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉक्टर यशवंतराव यांनी पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूस मोकळ्या रानात दवाखाना थाटला. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचल्याचे सांगतात; सावित्रीबाईंना रोग लागला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. ज्या घरातल्यांना त्यांचेच आप्त शिवायला भीत, त्यांच्या उशाशी जाऊन बसण्याचे हे धैर्य होते. जातीच्या भिंतीपलीकडे जाऊन ते झाले. काकीने ती भिंत रात्रीपुरती ओलांडली होती. सावित्रीबाईंनी ती मानलीच नाही.

प्लेग पुढे कित्येक वर्षे रेंगाळला. आपल्या मालगुंडचे केशवसुत १९०५ साली हुबळीस त्याच रोगाने गेले आणि थोड्याच दिवसांत त्यांची पत्नीही गेली. १९१८ चा इन्फ्लुएंझा मुंबई बंदरात उतरला आणि त्याने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. आजाऱ्याजवळ बसणारा स्वतःच आडवा होई. अशा काळात घरची सेवा पुरी पडत नाही, शिकलेली परिचारिका लागते, हे हळूहळू पटू लागले.

ही परिचारिका आणायची कोठून? पुण्यात १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन स्थापिले व तेथल्या मुलींना, विशेषतः विधवांना, ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळण्याची वाट करून दिली. चांगल्या घरची बाई परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावणार, या कल्पनेने त्या वेळी किती गहजब झाला असेल! आज आपण 'सिस्टर' अशी हाक सहज मारतो. पण रमाबाई थेऊरास ज्या प्रश्नापाशी संपल्या, त्या प्रश्नाला दुसऱ्या एका रमाबाईंनी हे उत्तर काढले होते.

पुढील पन्नास वर्षांची कथा आपण जगलेली आहे. रुग्णालये वाढली, माणसे वाचू लागली. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि कोकणातला कर्करोगी परळच्या वाटेस लागला. मरण मात्र वैद्यकाला पराभवासारखे वाटू लागले. बरा होणार नाही अशा रोग्याच्या खाटेशी डॉक्टरांची पावले थोडी लवकर उचलली जात. हे वैगुण्य ओळखणारी बाई इंग्लंडात निघाली. सिसिली सॉन्डर्स प्रथम परिचारिका होती, मग रुग्णसाहाय्यक झाली, आणि मरणाऱ्यांविषयी बोललेले कोणी ऐकेना म्हणून वयाच्या तिशीनंतर डॉक्टर झाली. १९४८ साली डेव्हिड टास्मा नावाचा पोलंडचा निर्वासित ज्यू तिच्या देखरेखीखाली मरत होता. जवळ कोणी नाही, देश नाही. दोघे अशा एका घराविषयी बोलत बसत, जेथे त्याच्यासारख्याला शांतपणे जाता यावे. त्याने जाताना पाचशे पौंड तिला ठेवले, त्या घराच्या एका खिडकीसाठी. ते घर, सेंट ख्रिस्तोफर, लंडनमध्ये १९६७ साली उभे राहिले. खिडकी आधी आली आणि घर एकोणीस वर्षांनी. शरीराची वेदना, मनाची, पैशाची आणि एकटेपणाची वेदना या वेगळ्या करता येत नाहीत, हे सॉन्डर्सबाईंचे मुख्य सांगणे. काकी हेच 'जीव अडकलाय' या दोन शब्दांत म्हणत असे. परंतु काकीपाशी मॉर्फिन नव्हते. मी मघाशी म्हटले तो उरलेला अर्धा भाग हाच.

आपल्या देशातले अशा तऱ्हेचे पहिले घर महाराष्ट्रातच झाले. टाटा रुग्णालयातील शल्यचिकित्सक डॉक्टर लुई जोस डिसूझा यांनी १९८६ साली वांद्र्यास माउंट मेरीजवळ शांती आवेदना सदन सुरू केले. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्याच्या शाखा झाल्या. पुण्यास वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे केंद्र आहे. तेथे रोग्याबरोबर घरच्या माणसासही ठेवून घेतात आणि सेवा कशी करायची ते शिकवतात. केरळात याहून वेगळी गोष्ट झाली. कालिकतला १९९३ साली डॉक्टर राजगोपाल व त्यांचे सहकारी यांनी वेदनाशमनाची संस्था काढली, आणि पुढे गावोगावच्या सामान्य माणसांना थोडे शिक्षण देऊन त्यांच्यामार्फत घरी जाऊन सेवा करण्याची पद्धत बसविली. शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी, विद्यार्थी ही त्यांतली माणसे. २००८ साली तेथील सरकारने त्यासाठी धोरणच ठरविले. म्हणजे वाडी पुन्हा उभी केली, पण या वेळी तिच्या हाती औषध दिले.

औषधाची कथा आपल्याला लाज वाटावी अशी आहे. अफू पिकविणाऱ्या या देशात १९८५ साली अमली पदार्थांविरुद्धचा कायदा इतका आवळला गेला, की रुग्णांसाठी वापरले जाणारे मॉर्फिन त्या वर्षीच्या ७१६ किलोंवरून १९९७ साली १८ किलोंवर आले. एवढ्या मोठ्या देशाला वर्षाला अठरा किलो! कायद्यात दुरुस्ती होण्यास २०१४ साल उजाडले. चाळीस देशांत मरणकाळी मिळणाऱ्या सेवेची तुलना २०१० साली एका इंग्रजी साप्ताहिकाच्या संशोधन विभागाने केली. त्यात भारताचा क्रमांक चाळिसावा होता.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील एका खाटेविषयी बोलल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच पाशवी हल्ला झाला आणि त्या पुन्हा शुद्धीवर अशा आल्याच नाहीत. तेथल्या परिचारिकांनी त्यांना बेचाळीस वर्षे जपले. एका पिढीने दुसरीच्या हाती खाट सोपविली. इतक्या वर्षांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही, अशी नोंद आहे. त्यांना मरू द्यावे असा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा या परिचारिकांनी विरोध केला. न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांचे म्हणणे मान्य केले. मात्र त्याच निकालाने, योग्य त्या बंधनांसह, कृत्रिम उपचार थांबविण्याची वाट देशात प्रथमच मोकळी झाली. १८ मे २०१५ रोजी अरुणाताई गेल्या. २०१८ साली घटनापीठाने सन्मानाने मरण येऊ देणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला आणि २०२३ साली त्याची पद्धत सुलभ केली; आता मनुष्य आपली इच्छा आधी लिहून साक्षांकित करून ठेवू शकतो. माधवरावांच्या यादीचाच हा एक प्रकार. त्या परिचारिकांची सेवा मी वंदनीय मानतो. तरीही मनात एक शंका राहते. सोडून देणे हाही सेवेचा भाग असतो का, आणि ते ठरवायचे कोणी? कुंथलगिरीच्या निर्यापकांना हा प्रश्न पडला नाही, कारण तेथे क्षपक स्वतः बोलत होता.

येथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, माझी आई एका शहरातील रुग्णालयात गेली. आत कोणास सोडत नव्हते. नियम कशासाठी होता हे मला कळत होते. प्लेगच्या काळची माणसे मुले का लपवीत, हेही मला त्या अकरा दिवसांत कळले. बाराव्या दिवशी निरोप आला. पुढे महिन्याभराने तेथल्या एका मावशींचा दूरध्वनी आला. आपल्या रुग्णालयांतून झाडलोट करणाऱ्या, भांडे देणाऱ्या बायांना आपण मावशी म्हणतो आणि पुरुषांना मामा. नाव कोणी विचारीत नाही. मीही विचारले नव्हते. त्या म्हणाल्या, "तुमच्या आईजवळ मी होते हो. पहाटे चारला हात धरून बसले होते. पाली-पाली म्हणत होत्या, मी म्हटलं, आलीच पाली." त्यांना हे कोणी शिकविले नव्हते, आणि हे त्यांच्या कामाच्या यादीतही नसणार.

आता पालीविषयी. वाडीत पंधरा घरे आहेत, त्यांतल्या सहांना कुलूप आहे; ती गणपतीत आणि शिमग्यात उघडतात. उरलेल्यांत बहुतेक साठीच्या पुढची माणसे. कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली, त्यामुळे मुंबईहून एका रात्रीत पोहोचता येते. पण मुले आता मुंबईतच असतील असे नाही. गेल्या पावसाळ्यात वाडीतल्या एका अण्णांना कोल्हापुराहून परत आणले. भोंगा बंद होता. डॉक्टरांचा निरोप ठरलेलाच: घरी न्या, सेवा करा. वहिनी एकट्या. त्या रात्री ओटीवर बसून आम्ही पाळ्या लावल्या. आशाताईंनी कापूस ओला कसा करायचा, कूस कधी पालटायची, खोकला आला तर डोके कसे उचलायचे, हे दाखविले. प्राथमिक आरोग्य केंद्रातून त्या जे शिकल्या होत्या त्यात हे थोडेसेच होते, बाकीचे त्यांनी आपल्या सासऱ्यांच्या वेळी शिकून घेतलेले. दोघे-दोघे बसायचे असे ठरले. एकट्याने बसायचे नाही, हा माझा आग्रह होता. तो कोठून आला ते मी कोणास सांगितले नाही. मला आणि शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला दोन ते चार अशी वेळ मिळाली.

पहिल्या रात्री पोरगा भ्यालेला होता. अण्णांचा श्वास मध्येच थांबे, मग पुन्हा सुरू होई. "थांबला का हो काका?" असे तो दर वेळी विचारी. मी म्हटले, थांबतो आणि येतो, असाच असतो आता. तिसऱ्या रात्री त्याने विचारणे सोडले आणि अण्णांच्या कानाशी वाकून म्हणाला, "अण्णा, दादाचं विमान सुटलंय. उद्या दुपारपर्यंत येतो." हे खरे होते. अण्णांनी डोळे उघडले नाहीत, पण पोराच्या हातातला हात त्यांनी सोडला नाही. चार वाजता पुढची जोडी आली. आम्ही तिला सांगितले, पाय घोट्यापर्यंत गार आहेत, वर अजून ऊब आहे.